बॅकगॅमनचा पट : लेखांक ७ – पिछाडीवरील खेळाडूचा दुपटीचा हक्क

गेल्या आठवड्यात आपण सुट्या डावाचा हिशेब पाहिला. प्रतिपक्षाने दुप्पट मागितली असता, शंभरांपैकी पंचवीस डाव जिंकण्याची आशा असणाऱ्याने ती कबूल करावी; कारण असे चार डाव नाकारले तर चार गुण जातात, आणि चारही पत्करून एक जिंकला व तीन गमावले तरी जमेचे दोन वजा जाता तोटा चारांचाच राहतो. परंतु १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या क्लबांतून प्रचारात आलेल्या डबलिंग क्यूबचा हा सुटा हिशेब ठरावीक गुणांच्या सामन्यात जसाच्या तसा लावणाऱ्याची फसगत होते, आणि एक पक्ष मागे पडलेला असता ती विशेषच होते.

सात गुणांचा सामना घ्यावा. आघाडीवाल्याचे पाच गुण, आपले तीन. आपण क्यूब दोनवर फिरवला व त्याने तो स्वीकारला, की तो चारवर नेण्याचा हक्क रिवाजाप्रमाणे त्याच्याकडे जातो. पण त्याला दोनच गुण हवे असून ते याच डावात मिळणार असल्यामुळे हा हक्क केवळ कागदोपत्री उरतो. एरव्ही दुप्पट मागणाऱ्याच्या मनात क्यूबचा कब्जा गमावण्याची जी धास्ती असते, ती येथे समूळ नाहीशी होते.

म्हणून पिछाडीवाल्याने ऊठसूट दुप्पट मागावी काय? माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. डाव साधा हरल्यास गुण सहा-तीन होतात, आणि तेथून सामना जिंकण्याची आशा शेकडा सुमारे सतरा असते. दुप्पट करून हरल्यास ती शून्य. साधा विजय मिळाल्यास पाच-चार, म्हणजे शेकडा सुमारे चाळीस. दुपटीचा मिळाल्यास पाच-पाच, म्हणजे पन्नास. सतरा पणाला लावून दहाच मिळवायचे! नुसत्या शर्यतीच्या डावात, शंभरांपैकी साठ डाव आपले असले, तरी दुप्पट करून सामन्याची आशा तीसच राहते, न करता ती एकतीसच्या आसपास असते.

आता त्याच साठांपैकी वीस डाव गॅमनचे आहेत, म्हणजे प्रतिपक्षाने एकही सोंगटी पटाबाहेर काढण्यापूर्वीच आपल्या पंधराही निघतात, असे समजा. दुप्पट न करता गॅमनचे दोन गुण मिळून बरोबरी होते. दुपटीनंतर चार मिळून सामनाच खिशात पडतो. हिशेब मांडला तर तेहतीसची आशा थेट चाळीसवर चढते. जिंकण्याचे डाव तेवढेच, पण निर्णय पूर्ण उलटा! त्याची सोंगटी मार खाऊन बाहेर बसली आहे आणि आपल्या घरातली बहुतेक दारे बंद आहेत, अशा आक्रमणाच्या ऐन क्षणी क्यूब हाती घेण्यास कचरणारा खेळाडू आपल्या पिछाडीने दिलेले एकमेव शस्त्र म्यानात ठेवतो, असे मी आग्रहाने म्हणेन.

आघाडीवाल्याचीही येथे मोठी पंचाईत होते. दुप्पट नाकारल्यास त्याच्याजवळ साठ टक्के आशा शिल्लक राहते. स्वीकारल्यास जिंकलेल्या चाळीस डावांचे चाळीस, साध्या पराभवाच्या चाळीस डावांचे प्रत्येकी निम्मे म्हणून वीस, आणि गॅमनच्या वीस डावांचे काहीच नाही: बेरीज पुन्हा साठ. सुट्या डावात ज्या स्थितीत त्याने क्षणाचाही विचार न करता दुप्पट पत्करली असती, ती येथे नेमकी काठावर येऊन ठेपते. गॅमनचा धोका याहून किंचित वाढला, की नामंजुरीच योग्य. गॅमन मुळीच नसते, तर त्याला वीस टक्क्यांवरही स्वीकार परवडला असता.

सहा-तीनची अवस्था ओढवलीच, तर जॉन क्रॉफर्ड यांच्या नावाने रूढ झालेल्या नियमानुसार पुढचा एक डाव क्यूबवाचून खेळावा लागतो. तो डाव आणि त्यानंतर पिछाडीवाल्याने तात्काळ मागायची दुप्पट यांचा विचार पुढील लेखांकात करू.