मुलांचा सीजीपीए वाचताना

आपल्या पिढीतील डॉक्टरांचे सारे विद्यार्थिजीवन टक्केवारीत गेले. पन्नास टक्क्यांना उत्तीर्ण आणि पंचाहत्तरला विशेष प्रावीण्य, एवढे ठाऊक असले की निकालपत्र वाचता येत असे. एमबीबीएसचे निकाल आजही गुणांतच लागतात. त्यामुळे अभियांत्रिकीला वा वाणिज्य शाखेला गेलेल्या आपल्याच मुलाच्या निकालपत्रावर ‘६.७५’ हा आकडा दिसला की भल्याभल्या डॉक्टरांची पंचाईत होते. वडील दहाने गुणून टक्के काढतात, आई नात्यातल्या मुलांशी तुलना करते आणि मुलगा ‘तुम्हाला नाही कळणार’ म्हणत खोलीत निघून जातो. ज्यांना लहानपणी लशी टोचल्या त्या मुलांचे पालक आता वडोदऱ्यातील माझ्या दवाखान्यात हा प्रश्न घेऊन येतात. त्यासाठीच हा लेखप्रपंच.

आकडा तयार कसा होतो?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ च्या सुमारास श्रेयांक पद्धतीसाठी दहा गुणांची श्रेणी सुचवली. ‘ओ’ म्हणजे १०, ‘ए प्लस’ ९, ‘ए’ ८, ‘बी प्लस’ ७, ‘बी’ ६, ‘सी’ ५, केवळ उत्तीर्ण असल्यास ‘पी’ म्हणजे ४ आणि अनुत्तीर्ण असल्यास शून्य. प्रत्येक विषयाला श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, ठरलेले असतात. सर्वसाधारणपणे सत्रभर आठवड्याला एक तास व्याख्यान किंवा दोन तास प्रात्यक्षिक म्हणजे एक क्रेडिट. श्रेणीगुणांना क्रेडिटने गुणायचे, बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचे. एका सत्राचा हा भागाकार म्हणजे एसजीपीए आणि आजवरच्या सर्व सत्रांचा मिळून सीजीपीए.

एक उदाहरण घेऊ. चार क्रेडिटच्या विषयात ८, चार क्रेडिटच्या दुसऱ्या विषयात ७, तीन क्रेडिटच्या विषयात १० आणि दोन क्रेडिटच्या प्रात्यक्षिकात ४. गुणाकारांची बेरीज ३२ + २८ + ३० + ८ = ९८, क्रेडिट १३, म्हणून एसजीपीए ७.५४. हाच विद्यार्थी दोन क्रेडिटच्या प्रात्यक्षिकात नापास झाला असता तर आकडा ६.९२ झाला असता. चार क्रेडिटच्या पहिल्या विषयात नापास झाला असता तर थेट ५.०८. नापास विषय एकच, परंतु परिणाम निराळा. म्हणून ‘किती विषय राहिले?’ या प्रश्नाइतकाच ‘किती क्रेडिटचा विषय राहिला?’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

टक्केवारीचा मोह

सीबीएसईने २०१० ते २०१७ या काळात दहावीला सीजीपीए दिला आणि त्याला ९.५ ने गुणून अंदाजे टक्के काढण्यास सांगितले. २०१८ पासून मंडळ पुन्हा गुणांकडे वळले, पण ९.५ चे गुणक लोकांच्या मनातून गेले नाही. तंत्रशिक्षण परिषदेच्या कोष्टकात मात्र ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६० टक्के आणि ७.७५ म्हणजे ७० टक्के. आता ६.७५ कडे पाहा. दहाने गुणले तर साडेसदुसष्ट, साडेनऊने गुणले तर सुमारे चौसष्ट आणि परिषदेच्या कोष्टकानुसार साठ. नोकरीच्या अर्जाची अट पासष्ट टक्के असेल, तर मुलगा पात्र की अपात्र, हे कोणते सूत्र लावले त्यावर ठरते. अनेक विद्यापीठांची सूत्रेही स्वतंत्र आहेत. तेव्हा मुलाच्या विद्यापीठाचे अधिकृत सूत्र मिळवावे आणि अर्जासोबत तेच जोडावे. प्रयोगशाळेचा अहवाल आपण एकक आणि सामान्य मर्यादा पाहिल्याशिवाय वाचत नाही. सीजीपीएलाही तोच नियम लावावा.

सरासरीचा जडपणा

सीजीपीएची घसरण जितकी उशिरा लक्षात येते तितकी ती भरून काढणे अवघड. प्रत्येक सत्र २० क्रेडिटचे धरू. पहिल्या सत्रात ५ मिळाले, तर चौथ्या सत्राअखेर एकूण सरासरी ७ करण्यासाठी उरलेल्या तीन सत्रांत सुमारे ७.६७ पुरतात. हे कष्टाचे आहे, पण शक्य आहे. तोच विद्यार्थी पाच सत्रे ५ वरच राहिला, तर सहाव्या सत्रात पैकीच्या पैकी मिळवूनही सीजीपीए ५.८३ च्या वर जात नाही. म्हणून पालकांनी अखेरच्या आकड्याची वाट न पाहता प्रत्येक सत्राचा एसजीपीए ओळीने पाहावा. बाळाच्या एका वेळच्या वजनावरून आम्ही बालरोगतज्ज्ञ निदान करीत नाही. वाढीच्या आलेखावर रेषा कोणत्या दिशेने चालली आहे ते पाहतो. येथेही तसेच आहे.

परदेशातील ‘प्रोबेशन’

परदेशी शिक्षणाचे वडोदऱ्याला नवल नाही. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले होते. आता आपल्या ओळखीच्या कितीतरी घरांतील मुले अमेरिकेत आहेत. तेथील श्रेणी बहुधा चार गुणांची असते : ‘ए’ ४, ‘बी’ ३, ‘सी’ २, ‘डी’ १. पदवीसाठी २.० आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी ३.० ही बहुतेक ठिकाणी समाधानकारक स्थितीची किमान मर्यादा. त्याखाली गेल्यास ‘अकॅडेमिक प्रोबेशन’, आणि सुधारणा न झाल्यास निलंबन.

एका परिचित कुटुंबाने मला आनंदाने सांगितले होते, “डॉक्टरसाहेब, त्याला प्रोबेशनवर घेतलंय!” त्यांना वाटले, विद्यापीठातच नोकरी लागली. प्रत्यक्षात मुलाचा पहिल्या १५ क्रेडिटचा जीपीए १.४ होता. तो रात्र-रात्र झोपत नव्हता, वर्गात जात नव्हता आणि घरी काही सांगत नव्हता. विद्यापीठ पालकांना कळवत नाही. १९७४ च्या तेथील कायद्यानुसार महाविद्यालयात गेल्यावर शैक्षणिक नोंदींचा अधिकार विद्यार्थ्याचा असतो आणि सहसा त्याच्या संमतीविना त्या कोणाला दाखवत नाहीत. या मुलाला समुपदेशन केंद्रात जाण्यास आम्ही राजी केले. पुढच्या सत्रात त्याने १२ क्रेडिट घेतले, ३.० मिळवले आणि एकूण जीपीए २.११ झाला. प्रोबेशन उठले.

डॉक्टर म्हणून आणखी एक गोष्ट आपण जाणून घ्यावी. एफ-१ व्हिसावरील पदवी विद्यार्थ्याला प्रत्येक सत्रात किमान १२ क्रेडिट घ्यावेच लागतात. घाबरून परस्पर विषय सोडला आणि संख्या त्याखाली गेली, तर व्हिसाची स्थितीच धोक्यात येते. मात्र आजारपण असेल, तर वैद्यकीय प्रमाणपत्राच्या आधारे विद्यापीठातील नियुक्त अधिकाऱ्याची आधी परवानगी घेऊन भार कमी करता येतो. एका पदवीस्तरावर एकूण बारा महिन्यांपर्यंत. नैराश्य हाही आजारच आहे. क्रम मात्र विसरू नये : आधी परवानगी, मग विषय सोडणे.

आपल्याकडे काय करता येईल?

चांगल्या मुलाचा आकडा अचानक घसरला, तर प्रथम आळसाचा आरोप करू नये. झोप, भूक, मित्रमंडळी, व्यसन, मनःस्थिती यांची चौकशी करावी. हुशार विद्यार्थ्याची घसरण हे पुष्कळदा लक्षण असते, रोग दुसरीकडे असतो.

आणि एक नम्र सूचना. संस्थेच्या गुणगौरवाच्या अर्जात ‘टक्केवारी’ असा एकच रकाना असतो. त्याऐवजी सीजीपीए, श्रेणीची कमाल मर्यादा आणि विद्यापीठाचे सूत्र असे तीन रकाने ठेवावेत, म्हणजे कोणावर अन्याय होणार नाही. त्याचबरोबर दरवर्षी एक पारितोषिक खाली घसरून पुन्हा वर आलेल्या विद्यार्थ्यासाठी ठेवावे. पहिल्या क्रमांकाचे कौतुक करायला पुष्कळ हात असतात. सावरलेल्या मुलाची पाठ थोपटण्याचे काम आपण डॉक्टरांनी करावे.