अकरातली जागा

२३ जानेवारी २०२५. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या शरद पवार अकादमीच्या मैदानावर रणजी सामना, मुंबई विरुद्ध जम्मू-काश्मीर. मुंबईची फलंदाजी नुसती कागदावर वाचली तरी समोरच्याला घाम फुटावा: यशस्वी जैस्वाल, रोहित शर्मा, अजिंक्य रहाणे, श्रेयस अय्यर, शिवम दुबे. खाली शार्दूल ठाकूर, शम्स मुलानी, तनुष कोटियन. हा संघ पहिल्या डावात १२० धावांत गारद झाला. दुसऱ्या डावात ७ बाद १०१ अशी दाणादाण उडाली असताना शार्दूल आणि तनुषनं १८४ धावांची भागी केली, म्हणून निदान लाज राहिली. शार्दूलनं ११९ केल्या. तरीही जम्मू-काश्मीरनं पाच गडी राखून तिसऱ्याच दिवशी सामना खिशात घातला.

आता बाहेर कोण बसलं होतं ते बघा. विरारचा आयुष म्हात्रे, वय वर्षं सतरा, त्याच मोसमाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राविरुद्ध १७६ आणि सेनादलाविरुद्ध ११६ काढलेला सलामीवीर. आणि बोरिवलीचा सिद्धेश लाड, ज्यानं नोव्हेंबरमध्ये ओडिशाविरुद्ध नाबाद १६९ केल्या होत्या. दोघांचा गुन्हा एकच. भारतीय संघातली मंडळी घरी परतली होती.

निवड समितीला सगळा दोष देणं सोपं आहे. पण ऑस्ट्रेलियातल्या पराभवानंतर बोर्डानंच फर्मान काढलं होतं, की मोकळे असाल तर देशांतर्गत सामने खेळा. रोहित जवळजवळ दहा वर्षांनी रणजी खेळायला आला होता. त्याला दारातून परत पाठवायचं? तसं कुणीच म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच की म्हात्रेला तिसऱ्या क्रमांकावर खेळवून दुबेला बसवता आलं असतं. दुबे अंधेरीचा, त्यामुळे हे लिहिताना हात जड होतो, पण तो वीस षटकांचा गडी आहे आणि तेव्हा सामना चार दिवसांचा होता. मोसमभर जो राबतो त्याच्या जागेला हात लावण्याआधी बाकीच्या सगळ्या जागा चाचपून पाहाव्यात, हा माझा निकष. पुढच्याच सामन्यात लाड परतला आणि त्यानं मेघालयाविरुद्ध १४५ केल्या.

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत एक निवृत्त बँकवाले काका आहेत. कचेऱ्यांच्या टाइम्स शिल्ड स्पर्धेत बँकेच्या संघाकडून खेळलेले. त्यांना हे पटत नाही. "अरे, मुंबईच्या कॅपसाठी थांबावंच लागतं. पॅडी शिवलकर थांबला नाही का?" हे त्यांचं ठेवणीतलं अस्त्र. पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले आणि बिशनसिंग बेदी असताना त्यांना एकही कसोटी मिळाली नाही. मार्च २०२५ मध्ये ते गेले, तेव्हा सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. मला कळत नाही की ज्या गोष्टीची आपण हळहळ करतो, तीच नव्या पोरांना आदर्श म्हणून कशी सांगतो.

मुंबई क्रिकेटचा नकाशा गेल्या तीस-चाळीस वर्षांत उत्तरेला सरकला, हे नवीन नाही. एके काळी दादर, शिवाजी पार्क, हिंदू कॉलनी आणि फोर्टातले जिमखाने म्हटले की संघ तयार. आता बोरिवली, विरार, कुर्ला, मरोळ, अणुशक्तीनगर, कल्याण. कुर्ल्याचे सरफराज आणि मुशीर, अणुशक्तीनगरच्या बीएआरसी वसाहतीतला सूर्यकुमार, कल्याणचा तुषार देशपांडे, डोंबिवलीत वाढून पुढे मुलुंडला आलेला रहाणे. मैदानं मात्र बरीचशी जिथं होती तिथंच. कांदिवलीत मुंबई क्रिकेट असोसिएशनचं मैदान झालं, वांद्रे-कुर्ला संकुलातलं, म्हणजे बीकेसीचं, झालं. पण हॅरिस आणि गाइल्स शिल्ड या शालेय स्पर्धांचे कितीतरी सामने अजून आझाद मैदान आणि क्रॉस मैदानावरच. चर्चगेट ते विरार साठ किलोमीटर. सकाळच्या लोकलमध्ये किटबॅग घेऊन चढणं काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. दुसऱ्या वर्गाच्या डब्यात बॅग आत घेतली की आजूबाजूचे चार जण शिव्या घालतात, म्हणून पोरं मालडब्यात शिरतात. तिथं मासळीच्या पाट्या, भाजीच्या गोण्या, आणि त्यांच्यामध्ये उभी धरलेली बॅग, बॅटीचा दांडा कुणाच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून हातानं झाकलेला. पृथ्वी शॉ लहानपणी वडिलांबरोबर विरारहून वांद्र्याला असाच ये-जा करायचा. निवड समितीच्या यादीपर्यंत पोचण्याआधीच ही लोकल बऱ्याच जणांना गाळून टाकते.

म्हणूनच मला बोरिवलीच्या दिनेश लाड सरांचं मोल कुठल्याही निवड समितीपेक्षा जास्त वाटतं. रोहित त्यांच्याकडे ऑफस्पिनर म्हणून आला. आईवडील डोंबिवलीला, तो आजी-आजोबांकडे बोरिवलीत. स्वामी विवेकानंद शाळेची फी परवडणारी नव्हती. सरांनी ती माफ करून घेतली. मग एके दिवशी नेट्समध्ये त्याची बॅट किती सरळ येते ते पाहिलं आणि खाली खेळणाऱ्या त्या पोराला वर, सलामीपर्यंत नेलं. मुंबई क्रिकेटमधला गेल्या पंचवीस वर्षांतला सगळ्यात मोठा संघनिवडीचा निर्णय एका शाळेच्या नेट्समध्ये झाला, कुठल्याही बैठकीत नाही. शार्दूलचंही तसंच. पालघरहून रोज ये-जा करून पोराचा जीव जाईल म्हणून सरांनी त्याला आपल्याच घरी ठेवून घेतलं. त्याच शार्दूलनं हॅरिस शिल्डमध्ये एका षटकात सहा षटकार मारले. रहाणेनं कर्णधारपद सोडल्यावर २०२५-२६ च्या मोसमासाठी मुंबईची धुरा त्याच्याच खांद्यावर आली. सिद्धेश हा त्याच सरांचा मुलगा.

मरोळचा अथर्व अंकोलेकर हे दुसरं उदाहरण. वडील लवकर गेले. आई वैदेही बेस्टमध्ये कंडक्टर. सप्टेंबर २०१९ मध्ये कोलंबोला एकोणीस वर्षांखालच्या आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात भारताच्या जेमतेम १०६ धावा झाल्या होत्या. या डावखुऱ्या फिरकीपटूनं २८ धावांत ५ बळी घेऊन पाच धावांनी चषक जिंकून दिला. त्यानंतर? मुंबईकडे मुलानी होता. डावखुरा, फिरकी टाकणारा, वर बॅटिंगही करणारा. त्यापुढे अथर्वला रणजीत सलग जागा मिळणं अवघडच होतं. मग २०२५ च्या मे महिन्यात मुंबई टी-ट्वेंटी लीगचा लिलाव झाला आणि ईगल ठाणे स्ट्रायकर्सनं त्याच्यासाठी सव्वासोळा लाख मोजले, लिलावातली सर्वांत मोठी बोली. लीगला काका नाकं मुरडतात, पण मला ती आवडते. अंधेरी, ईशान्य मुंबई, पश्चिम उपनगरं अशी नावं छातीवर घेऊन संघ खेळतात. ज्या पोराला आपण गल्लीत टेनिस बॉलवर बघितलं तो वानखेडेच्या दिव्यांखाली दिसतो. भीती एकच आहे. वीस षटकांतल्या चार खेळी पाहून रणजीची यादी बनू लागली तर कांगा लीगला काही अर्थ उरणार नाही. १९४८ पासून पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर, गुडघाभर गवतात चालणारी ती स्पर्धा. ए पासून जी पर्यंत डिव्हिजन. तिथं वीस धावा काढणारा पोरगा चेंडू शेवटपर्यंत बघायला शिकतो. ते दिव्यांखाली शिकता येत नाही.

संधीसाठी थांबण्याबद्दल अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांनी एक गोष्ट फार पूर्वी ओळखली. तिकडे प्रत्येक मोठ्या संघाच्या हाताखाली छोटे संघ असतात. सेंट लुइस कार्डिनल्सच्या ब्रँच रिकीनं १९२०-३० च्या दशकांत ही पद्धत बसवली. पोरं तिथं तयार होतात. पण मोठ्या संघानं होतकरू खेळाडू नुसते दाबून ठेवू नयेत म्हणून नियम आहे: ठरावीक वर्षांत त्याला मुख्य चाळीस जणांच्या यादीत घेतलं नाही, तर दुसरा संघ ठरलेली रक्कम भरून त्याला उचलू शकतो. आणि उचलणाऱ्यालाही तो मोसमभर मुख्य संघात ठेवावा लागतो, नुसता पळवून परत कोपऱ्यात बसवता येत नाही. या नियमाच्या जुन्या आवृत्तीखाली १९५४ मध्ये एक गंमत झाली. ब्रुकलिन डॉजर्सनी रॉबेर्तो क्लेमेंते नावाचा पोर्तो रिकोचा तरुण मॉन्ट्रियलच्या संघात ठेवला होता. पिट्सबर्ग पायरेट्सनं चार हजार डॉलर भरून त्याला नेलं. तो पिट्सबर्गसाठी तीन हजार हिट्स मारून आणि दोन विश्वविजेतीपदं जिंकूनच थांबला.

आपल्याकडे असा नियम नाही. आपल्याकडे पोरगा स्वतःच उठतो आणि दुसऱ्या राज्याकडून खेळण्यासाठी ना हरकत प्रमाणपत्र मागतो. अमोल मुझुमदारनं १९९४ मध्ये पदार्पणात हरियाणाविरुद्ध २६० केल्या, २००६-०७ मध्ये कर्णधार म्हणून मुंबईला रणजी जिंकून दिली, आणि २००९ मध्ये तो आसामला गेला. भारताची कॅप त्याला कधीच मिळाली नाही. वासिम जाफर विदर्भाला गेला तेव्हा सदतीस वर्षांचा होता, मुंबईनं त्याला संपलेला मानणं समजण्यासारखं होतं. पण चंद्रकांत पंडितांच्या हाताखाली विदर्भानं लागोपाठ दोन वेळा रणजी जिंकली आणि दुसऱ्या मोसमात चाळिशीतल्या जाफरनं हजारावर धावा केल्या. पंडितही मुंबईचेच. पुढे २०२२ च्या अंतिम सामन्यात त्यांच्याच मध्य प्रदेशानं मुंबईला हरवलं. आपण सोडलेली माणसं परत आपल्याच अंगावर येतात, याची मला गंमतही वाटते आणि चीडही येते.

सरफराज उत्तर प्रदेशाकडे गेला, परत आला आणि जानेवारी २०२० मध्ये वानखेडेवर त्याच उत्तर प्रदेशाविरुद्ध नाबाद ३०१ काढल्या. सिद्धेश गोव्याला जाऊन आला. अर्जुन तेंडुलकर गोव्याकडे गेला आणि रणजी पदार्पणातच शतक करून बसला. जैस्वालनं एप्रिल २०२५ मध्ये गोव्यासाठी प्रमाणपत्र मागितलं आणि मे महिन्यात ते मागे घेतलं. आझाद मैदानातल्या तंबूत राहून इथवर आलेला पोरगा मुंबई सोडतोय, ही बातमी आली त्या संध्याकाळी काका जेवले नाहीत असं काकू सांगत होत्या.

राहिला पृथ्वी शॉ. चाहत्यांच्या भांडणात हा विषय टाळता येत नाही. शाळेत ५४६, रणजी पदार्पणात उपांत्य सामन्यात शतक, कसोटी पदार्पणात १३४, आसामविरुद्ध ३७९. रणजीच्या इतिहासात त्याहून मोठी खेळी भाऊसाहेब निंबाळकरांच्या नाबाद ४४३ ची, तीही १९४८ मधली. असा माणूस ऑक्टोबर २०२४ मध्ये संघाबाहेर गेला. तंदुरुस्ती आणि शिस्त ही कारणं वर्तमानपत्रांत आली. डिसेंबरात विजय हजारे करंडकाच्या संघातही नाव नाही. आयपीएल लिलावात कुणी बोली लावली नाही. २०२५ मध्ये तो महाराष्ट्राकडे गेला. माझं मत असं, की वगळणं बरोबर होतं. नाव मोठं म्हणून जागा राखून ठेवायची नसते.  आणि पृथ्वीचं जाणंही बरोबर. वयाच्या पंचविशीत नव्या ड्रेसिंग रूममध्ये शून्यापासून उभं राहणं त्याला मानवेल असं मला वाटतं. काका म्हणतात मी दोन्ही बाजूंनी बोलतो.

मुंबईच्या निवडकर्त्यांचं भलंही सांगायला हवं. तनुषला त्यांनी धरून ठेवलं, म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये बीकेसीवर बडोद्याविरुद्ध दहाव्या आणि अकराव्या क्रमांकावर तनुष १२० आणि तुषार १२३ असा चमत्कार दिसला, २३२ ची भागी. एकाच डावात शेवटच्या दोघांनी शतकं ठोकण्याची प्रथम श्रेणीतली ती दुसरीच वेळ. पहिली १९४६ मध्ये ओव्हलवर चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांची. त्या मोसमात तनुषनं ५०२ धावा केल्या आणि २९ बळी घेतले, आणि मुंबईनं विदर्भाला हरवून बेचाळिसावी रणजी जिंकली. अंतिम सामन्यात एकोणीस वर्षांच्या मुशीरनं १३६ काढल्या. काही महिन्यांनी त्याच्या गाडीला अपघात झाला, मानेचं हाड मोडलं, अख्खा मोसम गेला. आता तो परतलाय. त्याला सावकाश खेळवा, एवढीच माझी विनंती. डावखुरी फिरकी आणि लांब डाव खेळायची भूक, दोन्ही एकाच अंगात फार कमी वेळा सापडतात.

मागच्या रविवारी संभाजी मैदानाच्या कट्ट्यावर यंदाचा संघ निघाला. सलामीला म्हात्रे आणि मुशीर. चारवर लाड, मोसमभर, कुणीही परत आलं तरी. सरफराज पाच. भारतीय संघातून श्रेयस आला, तर त्यानं सहावर खेळावं.

"श्रेयस सहावर?" काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "तू कांगाच्या जी डिव्हिजनची निवड समिती बघ बाबा. तिथं तुला कोणी विचारणार नाही."