बदलीच्या पाद्रींचं चर्च

बेंगळुरूच्या महात्मा गांधी रस्त्याचं जुनं नाव साउथ परेड. कवायतीच्या मैदानालगतचा हा रस्ता कब्बन पार्कच्या बाजूला जिथे संपतो, तिथे सेंट मार्क्स कॅथीड्रल आहे. 1808 मध्ये पायाभरणी, 1812 मध्ये बांधकाम पूर्ण, 1816 मध्ये कलकत्त्याच्या बिशपांच्या हस्ते समर्पणविधी. पुण्यात जसं गावाला लागून लष्कर वसलं, तशी इथे पेठेपासून दूर छावणी वसली आणि तिच्या गोऱ्या पलटणींसाठी हे चर्च आलं.

छावणीच्या चर्चचा पाद्री गावातल्या पाद्रीसारखा नव्हता. इंग्लंडच्या खेड्यात पाद्रीचं घर पदाबरोबर मिळे आणि तिथे तो बहुधा जन्म काढी. ससेक्समधल्या आल्फ्रिस्टनला असं 14व्या शतकातलं घर उभं आहे. लाकडी सांगाडा, गवताने शाकारलेलं छप्पर, आढ्यापर्यंत मोकळं मधलं दालन, खडूचा चुरा आंबट दुधात कालवून केलेली जमीन. पडायला आलेलं हे घर नॅशनल ट्रस्टने 1896 मध्ये 10 पौंडांना घेतलं. ट्रस्टने विकत घेतलेली ती पहिली इमारत.

सेंट मार्क्सचा पाद्री मात्र आधी ईस्ट इंडिया कंपनीचा आणि पुढे सरकारचा पगारी नोकर. नेमणूक मद्रासहून होई. हुकूम आला की चंबूगबाळं आवरून निघायचं. अशा माणसाचं नाव एखाद्या घराला पिढ्यान्‌पिढ्या चिकटणं अवघडच.

सेंट मार्क्सच्या अशा पाद्रींपैकी रेव्हरंड सॅम्युएल थॉमस पेटिग्रू यांनी 1865 मध्ये युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी शाळा काढली. ती भरली हाय ग्राउंड भागातल्या ‘वेस्टवर्ड हो’ नावाच्या बंगल्यात. कलकत्त्याचे बिशप कॉटन यांचं नाव तिला मिळालं आणि 1871 मध्ये ती सेंट मार्क्स रस्त्यावर आली.

चर्चच्या नशिबीही स्थैर्य नव्हतं. 1923 च्या आगीत ते होरपळलं आणि 1927 मध्ये पुन्हा उभं राहिलं. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलची आठवण करून देणारा घुमट, अर्धवर्तुळाकार कमानी, रंगीत काचा हे आजचं रूप त्या पुनर्बांधणीचं. भिंतींवरच्या स्मृतिशिला लष्करी अधिकाऱ्यांच्या.

1947 मध्ये दक्षिण भारताची एकत्रित मंडळी, म्हणजे चर्च ऑफ साउथ इंडिया, स्थापन झाली आणि छावणीचं हे चर्च तिच्याकडे आलं. आल्फ्रिस्टनचा पाद्री त्याच्या घरात शोधता येतो. बेंगळुरूच्या पाद्रीचा माग काढायचा तर शाळेचा हजेरीपट उघडावा.