टप्प्याटप्प्याने घरी

न्हावा शेवा बंदरापासून दिल्ली साधारण १४०० किलोमीटर. भरलेली गाडी ताशी पंचेचाळीसच्या सरासरीने गेली, तर चाकं फिरण्याचे तास भरतात तीस-एकतीस. रोज आठ तास चालवणाऱ्या एका ड्रायव्हरचे ते चार दिवस. पण घरून निघालेला ड्रायव्हर परत कधी येणार, हे त्याला स्वतःला, त्याच्या बायकोला आणि ट्रान्सपोर्टच्या मुनिमालाही सांगता येत नाही. दिल्लीत माल उतरला की परतीचा माल मिळेपर्यंत गाडी ट्रान्सपोर्ट नगरात उभी. मिळाला तो माल मुंबईचा असेलच असं नाही. कानपूरचा असतो. कानपूरहून नागपूर, नागपूरहून हैदराबाद. एका खेपेला म्हणून निघालेला माणूस महिन्याने उंबरा ओलांडतो, पुष्कळदा त्याहूनही उशिरा.

ड्रायव्हरच्या हाल-अपेष्टांबद्दल लिहिताना आपण घाट, पाऊस, खड्डे यांच्याबद्दल लिहितो. ते खरंच आहे. पण कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये किंवा भिवंडीच्या गोदामांबाहेर ड्रायव्हरांशी बोलत बसलं, तर स्टिअरिंगपेक्षा उभं राहण्याच्या गोष्टी जास्त निघतात. वजनकाट्यावर रांग. गेटवर रांग. हमाल आले नाहीत म्हणून उभं. बिल्टीवर एक आकडा चुकला म्हणून उभं. शहरात दिवसा नो एन्ट्री, म्हणून रात्र पडेपर्यंत उभं. मग हा गेलेला वेळ भरून काढायला रात्रभर गाडी हाणायची, कारण पोहोचायची वेळ कोणी पुढे ढकललेली नसते.

याच्या मुळाशी पैशाची रीत आहे. अनेक ठिकाणी पगार बेताचा आणि खरी कमाई खेपेवर. निघताना खर्चाची रक्कम हातात ठेवली जाते. वाटेतलं डिझेल, जेवण, पंक्चर, हमाली, चिरीमिरी हे सगळं त्यातून भागवायचं आणि उरेल ते ड्रायव्हरचं. म्हणजे ढाब्यावरच्या खाटेवर घेतलेली दोन तासांची झोप ही त्याच्या स्वतःच्या खिशातून जाते. अशा माणसाला 'थकवा आल्यास वाहन थांबवा' ही पाटी दाखवून काय होणार?

कायदा नव्हता असं नाही. १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा होती, सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती होती, आठवड्याची सुट्टी होती. हा कायदा पुढे २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला. पण तो लागू होई पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायाला, आणि आपल्या देशातले बहुसंख्य ट्रकमालक एक-दोन, फार तर चार-पाच गाड्यांचे धनी. कित्येक मालक स्वतःच ड्रायव्हर. जिथे कायदा पोहोचायला हवा होता, तिथे नोंदवही ठेवणाराच कोणी नव्हता. सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत बाराशेहून अधिक ड्रायव्हरांना विचारलं, तेव्हा सरासरी दिवस निघाला सुमारे बारा तासांचा. त्यातल्या ८४ टक्के लोकांनी सांगितलं, की आपल्या घरच्या कोणाला या धंद्यात यायचा सल्ला देणार नाही. मला हा दुसरा आकडा पहिल्यापेक्षा गंभीर वाटतो. सुताराचा मुलगा सुतार होतो, कारण बाप त्याच्या हातात रंधा देतो. इथे बापच किल्ली लपवून ठेवतो आहे.

या पार्श्वभूमीवर २०१४ साली गुरुग्राममध्ये सुरू झालेल्या रिव्हिगो या कंपनीची गोष्ट सांगावीशी वाटते. दीपक गर्ग आणि गझल कालरा हे तिचे संस्थापक. त्यांनी प्रश्न पगाराच्या बाजूने न धरता घराच्या बाजूने धरला. ड्रायव्हर मिळत नाहीत, कारण या नोकरीत घर सुटतं. मग घर न सोडता ट्रक चालवता येईल का?

उत्तर जुनंच होतं. डाकेचे घोडे आणि हरकारे टप्प्यावर बदलत आणि थैली पुढे जाई. रिव्हिगोने महामार्गांवर चार-पाच तासांच्या अंतरावर थांबे उभारले. ड्रायव्हर आपल्या थांब्यावरून गाडी घेऊन पुढच्या थांब्यापर्यंत जाई, तिथे ती दुसऱ्याच्या हाती देई आणि उलट्या दिशेने आलेली दुसरी गाडी घेऊन परत आपल्या थांब्यावर येई. ट्रक पुढे पुढे जात राही, माणूस मात्र त्याच दिवशी घरी. कंपनी त्यांना ड्रायव्हर न म्हणता पायलट म्हणे.

जाणं-येणं मिळून आठ-दहा तास, आणि मग सुटी. पोराचा ताप मोबाइलवर ऐकायचा नाही, कपाळावर हात ठेवून पाहायचा. रोजच्या दोन भाकऱ्या घरच्या चुलीवरच्या. गाडीलाही याचा फायदा होता. एका माणसाला झोप लागते, ट्रकला लागत नाही. एकट्या ड्रायव्हरच्या हाती चार दिवस घेणारं अंतर टप्प्यांनी दोन दिवसांच्या आत कापता येतं. ड्रायव्हरचं सुख आणि मालकाचा नफा एकाच दिशेला चालल्याचं या धंद्यात क्वचितच दिसतं.

पण ड्रायव्हरच्या बाजूने पाहिलं तर यात काही सुटतंही. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरला आपली गाडी असते. मालकी दुसऱ्याची असली तरी काचेवरचा देव, सीटवरची गादी, पत्नीने शिवलेला पडदा त्याचा. इंजिनाचा आवाज ओळखीचा, ब्रेकची सवय ओळखीची. टप्प्यावरच्या ड्रायव्हरला दर फेरीला नवी केबिन. आधीच्याने क्लच कसा वापरला, ते याला घाट चढताना कळणार. शिवाय घरी परत जाता येतं ते थांब्याजवळ घर असलेल्यालाच. बिहारच्या किंवा मेवातच्या माणसाला वलसाडजवळचा थांबा म्हणजे परगावच. ही रचना महामार्गालगतच्या गावांतल्या तरुणांसाठी उत्तम होती. आज ट्रक चालवणाऱ्या पिढीतल्या बऱ्याच जणांचं गाव त्या रस्त्यावर नाही.

दुसरी अडचण मालाची. टप्पा पद्धत चालायची तर दोन्ही दिशांनी गाड्या जवळपास सारख्या आणि वेळेवर यायला हव्यात. समोरून गाडी आली नाही, तर पायलट थांब्यावर बसून राहणार, आणि त्याचा पगार चालूच. आपल्याकडे माल असा तोलून वाहत नाही. कारखान्यांकडून शहरांकडे जाणाऱ्या गाड्या भरलेल्या, परतताना अर्ध्या रिकाम्या. सणाआधी तोबा गर्दी, मग मंदी. थांबे, गाड्या, माणसं यांचा खर्च रोजचा. कंपनी तोट्यात राहिली, आणि २०२२ साली महिंद्रा लॉजिस्टिक्सने तिचा बी-टू-बी एक्स्प्रेस व्यवसाय २२५ कोटी रुपयांना घेतला.

म्हणून प्रयोग फसला, असं म्हणून मोकळं होणं मला मान्य नाही. ड्रायव्हरला रोज घरी पाठवून माल वेळेत नेता येतो, हे त्याने दाखवलं. अडचण आली ती परतीच्या मालाची, ड्रायव्हरच्या घरी जाण्याची नव्हे.

मधल्या काळात रस्ताही थोडा मोकळा झाला. मुंबईच्या वेशीवरची जकात २०१७ साली जीएसटीबरोबर गेली आणि दहिसर-मुलुंडच्या नाक्यांवर रात्रभर लागणाऱ्या रांगा संपल्या. राज्यांच्या सीमांवरचे विक्रीकर नाके उठले. २०२१पासून फास्टॅग सक्तीचा झाला. २०२५पासून नव्या जड ट्रकांना वातानुकूलित केबिन आली. मे महिन्यात इंजिनाला टेकून बसणाऱ्या माणसाला ही चैन मुळीच नव्हे. मात्र नाक्यांवर वाचलेले तास ड्रायव्हरच्या झोपेत जमा झाले का, की पुढच्या खेपेत, हे ज्याच्या त्याच्या मालकाला विचारावं लागेल.

टप्प्यांचं जाळं सगळीकडे लागणारही नाही. चाकण ते न्हावा शेवा हे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. कंटेनरचा ट्रेलरसुद्धा बोरघाट उतरून चार-पाच तासांत पोहोचतो. या मार्गावरचा ड्रायव्हर आजही रोज संध्याकाळी घरी जेवू शकतो, फक्त कारखान्याच्या आणि बंदराच्या गेटवर त्याची वेळ ठरलेली असली आणि ती पाळली गेली तर. गाडी अडकून पडली की ट्रकमालकाला मालाच्या धन्याकडे हॉल्टिंगचे पैसे मागता येतात, बऱ्याच करारांत तशी तरतूद असते. तो आकार बिलावर चढतो तेव्हा त्यातला ठरलेला वाटा त्या रात्री केबिनमध्ये झोपलेल्या माणसाच्या नावावर लिहिला जावा. मग गेटवरची रांग कमी करण्यात मालाच्या धन्यालाही रस वाटेल आणि ट्रान्सपोर्टवाल्यालाही.