सेटिंग पाठव ना यार!

‘तुझ्या स्क्रीनचे कलर्स कसले भारी दिसतात! सेटिंग पाठव ना यार!’

कॉलेजात ‘सेटिंग’ या शब्दाला भलतेच अर्थ आहेत, पण इथे विषय खरोखरच डिस्प्लेच्या सेटिंगचा आहे. गेमिंगवाला असो, एडिटिंगवाली असो, नाहीतर डोळे दुखतात म्हणून स्क्रीन पिवळी करून बसणारा असो, प्रत्येकाकडे आपली एक खास फाइल असते आणि ती व्हॉट्सअ‍ॅपवरून या लॅपटॉपवरून त्या लॅपटॉपवर फिरत असते. मीही एकदा फिरवली.

झालं असं, की फोटोजर्नलिझमच्या पेपरसाठी माझ्या मैत्रिणीने वारीचे फोटो काढले होते. १२ फोटो, कॉलेजच्या प्रदर्शनात लागणार आणि त्यावरच मार्क. मी त्याच आठवड्यात एका सीनिअरकडून कॅलिब्रेटर आणला होता. हे एक छोटंसं यंत्र असतं. ते स्क्रीनवर टेकवलं की रंग मोजतं आणि त्यावरून त्या स्क्रीनची प्रोफाइल फाइल तयार होते. तिने फाइल मागितली, मी लगेच पाठवली. ती लावून पठ्ठीने रात्रभर एडिटिंग केलं. दुसऱ्या दिवशी प्रिंट हातात आल्या, तर वारकऱ्यांची पांढरीशुभ्र धोतरं पिवळी! अख्ख्या दिंडीला कावीळ.

कारण नंतर कळलं. माझ्या लॅपटॉपची स्क्रीन मुळात पिवळट. माझी प्रोफाइल तो पिवळेपणा कमी करायची. तिची स्क्रीन आधीच निळसर, त्यावर माझी फाइल लागल्यावर ती आणखी निळी झाली. तिला वाटलं फोटोच निळे आलेत, म्हणून तिने प्रत्येक फोटोत पिवळा वाढवला. प्रिंटरने तो इमानदारीत छापला. प्रोफाइल म्हणजे चष्म्याचा नंबर, दुसऱ्याचा लावून कसं चालेल? एकाच मॉडेलच्या दोन स्क्रीनही हुबेहूब सारख्या नसतात आणि वापरून वापरून त्यांचे रंग बदलतात. पुन्हा प्रिंट काढायचा खर्च आम्ही अर्धा-अर्धा केला. त्या महिन्यात मेसऐवजी वडापावच जास्त झाले.

पण रंग बिघडणं तसं स्वस्तात सुटणं. जुन्या जाडजूड सीआरटी मॉनिटरच्या काळात लिनक्सवर स्क्रीनचे आकडे हाताने फाइलमध्ये लिहावे लागत. दुसऱ्याच्या मॉनिटरचे आकडे कॉपी केले, तर मॉनिटर खराबही होऊ शकायचा. आजचे मॉनिटर शहाणे आहेत, ‘आउट ऑफ रेंज’ लिहून गप्प बसतात. विंडोजही रिझोल्यूशन बदललं की ‘हे ठेवायचं का?’ असं विचारतं आणि उत्तर दिलं नाही तर १५ सेकंदांत जुनं सेटिंग परत आणतं. म्हणून स्क्रीन काळी झाली तर घाबरून बटणं बडवू नका, हात मागे घ्या आणि थांबा. मात्र बाहेरच्या टूलने केलेल्या बदलाला हे १५ सेकंदांचं कवच मिळेलच असं नाही.

खरी भीती वेगळीच आहे. ‘डिस्प्ले सेटिंग’ या नावाखाली येणारी प्रत्येक फाइल नुसतं सेटिंग नसते. शेवटी डॉट बॅट किंवा डॉट ईएक्सई असेल, तर तो चालणारा प्रोग्राम आहे. डॉट रेग असेल, तर ती थेट विंडोजच्या रजिस्ट्रीत हात घालते. मार्च २०२४ मध्ये केडीई या लिनक्स डेस्कटॉपची एक थीम लावल्यावर एकाच्या फाइल्स उडाल्या होत्या. दिसायला नुसती सजावट, पण आत फाइल्स डिलीट करणारी कमांड होती. बनवणाऱ्याचा तसा हेतूही नव्हता, कोड चुकला होता इतकंच. त्यामुळे बॅट आणि रेग फाइलवर डबल-क्लिक करायच्या आधी ती नोटपॅडमध्ये उघडून बघा. आत काय लिहिलंय ते कळत नसेल, तर चालवू नका. पाठवणारा जिगरी असला तरी. त्याला ती कुठून आली, हे त्यालाही आठवत नसतं!

आणि आपण पाठवतो तेव्हा? डिस्प्लेची माहिती म्हणून अनेक जण विंडोजच्या डीएक्सडायगचा अख्खा रिपोर्ट ग्रुपवर टाकतात. त्यात कॉम्प्युटरचं नावही असतं, आणि ते बऱ्याचदा आपणच आपल्या नावावरून ठेवलेलं असतं. मॉनिटर स्वतःची जी माहिती कॉम्प्युटरला देतो, तिच्यात बहुतेकदा सीरियल नंबरही असतो. एवढी कुंडली कुणी मागितलेली नसते.

मी आता फाइल पाठवतच नाही. मॉनिटरचं मॉडेल, रिझोल्यूशन, रिफ्रेश रेट, स्केलिंग आणि ब्राइटनेस एवढं मेसेजमध्ये टाइप करते. समोरच्याने आधी स्वतःच्या सेटिंगचा मोबाइलवर फोटो काढायचा, मग एकेक गोष्ट बदलून बघायची. पाच मिनिटं जास्त जातात आणि ‘फाइलच दे ना, कंजूस!’ असं ऐकावंही लागतं.

मैत्रिणीचं प्रदर्शन झालं, नव्या प्रिंटमध्ये धोतरं पांढरीच होती. पिवळ्या १२ मधली एक तिने हॉस्टेलमध्ये माझ्या टेबलासमोर चिकटवली आहे. काढू देत नाही.