खरपुडीचा पत्ता

या लेखात एका डोंगराविषयी मी बरेच लिहिणार आहे, पण त्याचे नाव लिहिणार नाही. तो पुणे जिल्ह्यात आहे, एवढे पुरे. सोळा वर्षांपूर्वी मी ते नाव लिहिले होते. अशाच एका दिवाळी अंकात, पायथ्याच्या गावासकट, माथ्यावरच्या टाक्याच्या कोणत्या हाताने उतरायचे इथपर्यंत लिहिले होते. त्याचे पुढे काय झाले ते सांगायचे आहे.

आधी थोडे माझ्याविषयी. मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर नाही. बी. कॉम. झाले, एका पतसंस्थेत नोकरीला लागले, आणि रविवारी डोंगरात जाता जाता फुलांच्या नादी लागले. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झाला. तो मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचला. एका पानाला एक संध्याकाळ लागे. त्यामुळे माझ्या ज्ञानात खड्डे आहेत. पण काही ठिकाणी मी इतक्या वेळा गेले आहे की तिथले झाड न् झाड ओळखीचे झाले आहे.

ज्या फुलाने मला कायमचे अडकवले ते खरपुडी. कंदीलपुष्प, हमण अशीही नावे कानावर येतात. गाव बदलले की नाव बदलते. शास्त्रीय नाव सेरोपेजिया. लिनिअसने १७५३ मध्ये ते दिले, मेण आणि झरा या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून. भारतात या प्रजातीच्या पन्नासहून अधिक जाती आहेत, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जगात दुसरीकडे कुठेही उगवत नाहीत. सह्याद्रीत तर एखादी जात दोन-चार डोंगरांपुरती, क्वचित एकाच डोंगरापुरती असते.

खरपुडी रुईच्या गोतातली. फूल पाहिले की खरेच कंदील आठवतो: खाली फुगीर बुड, त्यावर निमुळती नळी, वर पाच पाकळ्यांची टोके एकमेकांना चिकटून झालेला पिंजरा. वासाला भुलून बारीक माशी पिंजऱ्याच्या फटीतून आत शिरते आणि गुळगुळीत नळीतून खाली घसरते. नळीत आतल्या बाजूला केस असतात, सगळे खाली वळलेले. आत जाताना ते आड येत नाहीत, बाहेर येताना येतात. माशी बुडाशी अडकते, धडपडते, आणि त्या धडपडीत परागांचे पुडके तिच्या सोंडेला चिकटते. पुढे फूल मान टाकते, केस सुकतात, वाट मोकळी होते. सुटलेली माशी दुसऱ्या कंदिलात शिरली तर बीज धरण्याची शक्यता. ती शिरलीच पाहिजे असे कुठे आहे? डोंगरावर शंभर फुले पाहावीत तेव्हा शेंगांच्या दोन-चार जोड्या दिसतात. शेंग उकलली की रुईच्या म्हाताऱ्यांसारख्या रेशमी शेंडीच्या बिया वाऱ्यावर निघतात, आणि त्यांतल्या बहुतेक कातळावर पडून वाया जातात.

म्हणून या वेलीचा सगळा भरवसा जमिनीखालच्या कंदावर. जूनच्या पावसात कंदातून कोंब येतो, श्रावण-भाद्रपदात फुले, दिवाळीच्या आसपास शेंगा, मग वेल वाळून जाते. उरलेले सात-आठ महिने ती आहे हे कोणालाही दिसत नाही. कंद गोडसर, रसाळ. गुराखी पोरे तो कच्चा खातात, साळिंदर खाते, रानडुक्कर खाते. स्थानिक लोक वनस्पती जपतात आणि शहरातले लोक नासतात, असे सरसकट लिहायची एक पद्धत आहे. ती मला पटत नाही. गुराख्याची पोरेही कंद संपवतात. पण पोर भूक लागली म्हणून दोन कंद उकरते आणि गुरांमागे पुढे जाते. यादी घेऊन आलेला माणूस असा थांबत नाही.

माझ्या त्या डोंगरावर पहिल्यांदा गेले तेव्हा टाक्याखालच्या उतारावर मी सत्तावीस वेली मोजल्या. कोणत्या जातीच्या, तेही इथे सांगत नाही. जाणकाराला तेवढ्यावरून डोंगर कळेल. आपल्यालाही काही सापडते याचा आनंद मोठा होता, आणि तो लेखात उतरला. पुढच्या भाद्रपदात गेले तेव्हा पायथ्याच्या वाडीतल्या धनगर आजोबांनी ओळखले. म्हणाले, "ताई, औंदा लई मान्सं आली व्हती तुमचं फूल बघाया. एकाच्या हातात तुमचा कागद व्हता." वर नऊ वेली होत्या. बाकीच्या जागी खड्डे होते, व्यवस्थित, खुरप्याने काढलेले, एकेका कंदाएवढे. साळिंदर असे खणत नाही. कंद कुंडीत लावायला नेले की हौसेच्या बाजारात विकायला, की महाविद्यालयाच्या संग्रहासाठी, हे शोधण्यात मी दोन महिने घालवले आणि मग सोडून दिले. पत्ता मीच दिला होता.

त्यानंतर बरीच वर्षे मी कोणत्याही ठिकाणाचे नाव लिहिले नाही. लेखात 'सह्याद्रीतील एक पठार' एवढेच. यालाच जबाबदारी समजत होते. मग साताऱ्याकडच्या एका सड्यावर वेगळाच धडा मिळाला. सडा म्हणजे जांभ्याचे उघडे पठार. उन्हाळ्यात पाहाल तर काळा-तांबडा खडक आणि वाळके गवत. सातबाऱ्यावर अशा जमिनीची नोंद पोटखराबा म्हणून होते, लागवडीला निकामी. पावसाळ्यात त्याच खडकातल्या खळग्यांत गेंद, सीतेची आसवे, तेरडा, आणि एखाद्या उथळ डबक्यात वायतुरा. या वायतुऱ्याचे शास्त्रीय नाव सातारा जिल्ह्यावरूनच पडले आहे. त्या सड्यावर मला एक दुर्मीळ खरपुडी ठाऊक होती आणि मी ती गुपित ठेवली होती. एका वर्षी गेले तर सडा अर्धा खरवडलेला, मधून मुरमाचा रस्ता. मी चौकशी केली. उत्तर असे मिळाले की जागा पडीक, झाडझाडोरा काही नाही, कागदावर कसलीच नोंद नाही. नोंद नव्हती हे खरेच होते. ती माझ्या वहीत होती.

उलट उदाहरण नाशिकजवळच्या अंजनेरीचे. तिथली खरपुडी २००६ मध्ये नवी जात म्हणून प्रसिद्ध झाली आणि तिचे नावच सेरोपेजिया अंजनेरिका ठेवले गेले. पत्ता नावातच. मला आधी हे नाव धोक्याचे वाटले होते. पण अंजनेरीवर गाडीरस्ता नेण्याचा प्रस्ताव आला तेव्हा नाशिकच्या निसर्गप्रेमींना बोट ठेवायला एक नाव मिळाले. गडावरच्या गिधाडांबरोबर त्या इवल्या वेलीचेही. डोंगराचा काही भाग संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालेला होता, त्याचाही आधार झाला. रस्त्यानंतर रोपवेचा विषय निघाला आणि त्यावरही हेच नाव पुढे आले. विशाळगडावर सापडलेली नवी खरपुडी २०२३ मध्ये छत्रपती शिवरायांच्या नावाने प्रसिद्ध झाली तेव्हा वर्तमानपत्रांतून गडाचे नाव घरोघरी गेले. त्या गडावर आता कोणी काही करायला निघाले तर विचारणारे असतील. खणायला जाणारेही असतील.

जुन्या संग्रहालयांतल्या चिठ्ठ्या पाहिल्या की हा प्रश्न आजचा नाही हे कळते. एकोणिसाव्या शतकात स्टॉक्स, लॉ यांच्यासारख्या इंग्रज अधिकाऱ्यांनी जमवलेल्या कितीतरी वाळक्या नमुन्यांवर छापील ठिकाण आहे: 'मलबार, कोंकण इत्यादी'. त्या 'इत्यादी'त आपली निम्मी सह्याद्री बसते. अशा चिठ्ठ्यांमुळे पुढच्यांना एकेक जात पुन्हा शोधायला आयुष्य घालवावे लागले. पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणातले एम. वाय. अन्सारी आणि कोल्हापूरचे एस. आर. यादव यांच्या पिढ्यांनी डोंगर पायी तुडवले नसते तर काय नाहीसे होत आहे हेसुद्धा कळले नसते.

हवामानाने या सगळ्याला घाई आणली आहे. जग तापते तशा डोंगरी वनस्पती वर सरकतात. जोसेफ हूकर १८४९-५० मध्ये सिक्कीममध्ये फिरला, कोणती वनस्पती किती उंचीवर हे त्याने लिहून ठेवले. त्या नोंदी घेऊन संशोधकांनी तेच डोंगर पुन्हा तपासले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १२४ प्रदेशनिष्ठ जातींपैकी ८७ टक्के जातींचा पल्ला सरकलेला आढळला. हिमालयात वर जायला जागा आहे. आपले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर, आणि खरपुड्या, गेंद, वायतुरा ही मंडळी आधीच माथ्यावर बसलेली. पठार संपले की कडा, कड्याखाली कोकण.

पण माथ्यावर मला जाणवतो तो उष्म्यापेक्षा पावसाचा बदल. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. शेतकऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. पठारावर त्याचा अर्थ असा: कातळावर माती चार-सहा बोटे. पहिल्या सरींनी कंद कोंब टाकतो, म्हणजे साठवणीतले खर्च करतो. मग पावसाने तीन आठवडे ओढ दिली की खालचा खडक तव्यासारखा तापतो आणि कोंब करपतो. कंद दुसऱ्यांदा प्रयत्न करतो, पण वेल बारकी येते, त्या वर्षी फुलत नाही. माझ्या वहीत अशी वर्षे पूर्वी अधूनमधून होती, आता लागोपाठ येतात. आणि पाऊस आला की असा येतो, की उतारावरची मातीच धुऊन नेतो. कंद भूक सोसू शकतो, उघडे पडणे सोसू शकत नाही.

तर मग बागेत न्या, असे पुष्कळ जण सुचवतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या उद्यानात कितीतरी खरपुड्या वाढवलेल्या आहेत आणि ते काम मोलाचे आहे. पण शिंदळ माकुडीचे उदाहरण पाहा. जुन्नर भागातल्या कड्यांवरची ही वनस्पती डाल्झेल यांनी १८६० च्या दशकात उजेडात आणली आणि गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावावरून तिला फ्रेरिया म्हटले. फांदी तोडून लावली की लागते, त्यामुळे ती देशोदेशीच्या हौशी लोकांच्या कुंड्यांत पोचली आहे. शिरवळजवळच्या नौरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्रासारख्या संस्थांनी तिची रोपे वाढवून पुन्हा रानात लावली. म्हणजे ती नष्ट होणार नाही. पण फांदीपासून केलेली शंभर रोपे ही एकाच झाडाच्या शंभर नकला असतात. उद्याच्या वेगळ्या हवेत तगायला जो वेगळेपणा लागतो तो कड्यावरच्या बियांतून आलेल्या रोपांत. कुंडीतल्या माकुडीला कड्याचा पत्ता लागतोच.

आणि कुंपण? कासच्या पठाराला २०१२ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, गर्दी उसळली, जाळीचे कुंपण आले. पर्यटक आवरले, पण गुरेही थांबली. चराई थांबली की उंच गवत माजते आणि वीतभर उंचीची फुले त्याखाली दबतात, असे जाणकार सांगत होते. पुढे ते कुंपण काढावे लागले. रोज तीन हजार माणसांची मर्यादा घालण्याची कल्पना मला जास्त शहाणी वाटते, ती कितपत पाळली जाते हा भाग निराळा.

माझ्या डोंगरापुरता मी एक मार्ग धरला आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. बहुतेक गावांत ती कोणीतरी बाहेरचा भरून देतो आणि ती कपाटात जाते. इथे मी वाडीतल्या लोकांबरोबर बसून ती भरली. टाके, उतार, वेलींची संख्या, महिने, सगळे त्यात आहे, ग्रामसभेसमोर वाचून. उद्या त्या माथ्यावर रस्ता आखला गेला तर गावाच्या दप्तरात पान आहे. छापील अंकात मात्र ते येणार नाही. वणवा कधी लावायचा नाही, टाक्याखाली गुरे कोणत्या महिन्यात न्यायची नाहीत, हे त्यांनीच ठरवले. शेंगा उकलेपर्यंत नेत नाहीत, नंतर नेतात. हा उपाय सगळीकडे चालेल असा माझा दावा नाही. त्या आजोबांशी वीस वर्षांची ओळख नसती तर इथेही चालला नसता.

आजोबा आता नाहीत. मोजणी त्यांचा नातू करतो, बारावी झालेला, गुरे आणि दुधाचा रतीब सांभाळून. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. "ताई, टाक्याखाली चौदा हायती. तीन वेलींना शेंगा धरल्यात, जोडीच्या. फोटो पाठवू?"

"पाठव," मी म्हटले, "पण आधी फोनमधलं लोकेशन बंद कर."

"ते कवाच केलंय," तो म्हणाला.