गॅमा कॅमेऱ्यासमोर आक्का

“लासलगावच्या कांद्यासारखे मला पण किरण मारणार का गं?” आक्कांनी, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, नाशिकच्या एसटीत विचारलं. पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून पाहिलं.

आम्हा चांदवडकरांना ‘गॅमा’ म्हटलं की लासलगावच आठवणार. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तिथल्या प्रकल्पात २००२ पासून कोबाल्ट-६० चे गॅमा किरण देऊन कांद्याचे कोंब रोखतात. २००७ मध्ये अमेरिकेला गेलेला हापूसही तिथूनच गेला. त्यामुळे आक्कांची भीती अगदीच वेडगळ नव्हती.

त्यांच्या छातीतली गाठ कॅन्सरची निघाली होती. तो हाडांपर्यंत पोचलाय का, हे बघायला डॉक्टरांनी ‘बोन स्कॅन’ सांगितला. आक्कांनी दोन आठवडे टोलवलं. कधी कांद्याची काढणी, कधी म्हशीचं कोण बघणार! खरं कारण वेगळंच होतं. गल्लीतल्या कुणीतरी सांगितलं होतं, एकदा किरण अंगात गेले की आहे तोही आजार वाढतो.

स्कॅन करणारी मुलगी मोठी गोड. म्हणाली, “आजी, हे मशीन एकही किरण सोडत नाही. ते नुसतं बघतं.” एक्स-रेमध्ये मशीनचे किरण आपल्यातून आरपार जातात. इथे उलटं. टेक्निशियम नावाचं किरणोत्सारी द्रव्य जोडलेलं औषध हाताच्या शिरेतून देतात. हाडाची जिथे जास्त घडामोड चालू असेल तिथे ते जास्त साठतं आणि तिथून गॅमा किरण बाहेर येतात. कॅमेऱ्याच्या तोंडाशी शिशाची जाड चाळण असते, बारीक भोकांची. सरळ आलेले किरणच तिच्यातून जातात. मागे सोडियम आयोडाइडचा स्फटिक असतो, किरण आदळला की तो क्षणभर चमकतो. त्या चमकांवरून संगणक चित्र काढतो. १९५० च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात हॅल अँगर यांनी हा कॅमेरा बनवला. आपल्याकडे परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून याच शाखेचं काम करतंय.

आणि गंमत ऐका. हे टेक्निशियम मॉलिब्डेनमच्या एका भांड्यातून रोज ताजं काढतात, त्याला ही मंडळी चक्क ‘दूध काढणं’ म्हणतात! आक्का पहिल्यांदा हसल्या. “म्हणजे हिची पण म्हैस आहे की!”

ते दर सहा तासांनी निम्मं होतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला सोळावा हिस्साच उरतो. शिवाय बरंचसं लघवीवाटे जातं, म्हणून भरपूर पाणी प्यायचं. पोटुशी असाल किंवा अंगावर पाजत असाल तर इंजेक्शनच्या आधीच सांगायचं बरं का, लाजायचं नाही. आमची सूनबाई पोटुशी, म्हणून त्या रात्री आक्का आपणहून ओसरीवर झोपल्या.

इंजेक्शननंतर तीन तास थांबलो. मग “गळ्यातलं काढा,” म्हणाले. धातूआड किरण अडले तर चित्र बिघडतं. आक्कांनी मंगळसूत्र माझ्या मुठीत दिलं, म्हणाल्या, “लग्नानंतर पहिल्यांदा काढलं गं.” अर्धा तास त्या आत निजून होत्या आणि मी मूठ उघडली नाही.

चित्रात दोन काळे डाग दिसले. एक उजव्या गुडघ्यात, एक कमरेत. माझे पायच गेले. डॉक्टर म्हणाले, डाग म्हणजे कॅन्सरच असं नाही. संधिवात, जुनं फ्रॅक्चर, हाडाची कुठलीही डागडुजी अशीच दिसते. गुडघ्याचा एक्स-रे काढला, ती झीज निघाली. एवढी वर्षं उकिडवं बसून कांदे खुडले, दुसरं काय होणार!

कमरेच्या डागासाठी येत्या मंगळवारी एमआरआय आहे. या वेळी तारीख आक्कांनीच मागून घेतली. म्हशीची धार काढायला शेजारच्या पोराला सांगून ठेवलंय. काल रात्री फोनवर एवढंच विचारलं, “त्या मशिनीत तरी गळ्यातलं ठेवता येईल का गं?”

नाही म्हणाले, आक्का. तिथेही काढावंच लागेल.